‘ड्रीम कम ट्रू’: कधी म्हणायचं, कसं म्हणायचं आणि कधी गिळून टाकायचं

नव्या गाडीला हार घातलेला फोटो, वास्तुशांतीचं आमंत्रण, पहिल्या नोकरीची पोस्ट, परदेशी विद्यापीठातला प्रवेश. या सगळ्यांखाली एक इंग्रजी वाक्य हमखास सापडतं, आणि ते चार तऱ्हांनी लिहिलेलं असतं: ‘ड्रीम कम ट्रू’, ‘ड्रीम कम्स ट्रू’, ‘ड्रीम केम ट्रू’, ‘ड्रीम बिकम ट्रू’. यातली पहिली तीन आपापल्या जागी बरोबर आहेत. चौथ्याला कुठेच जागा नाही. घोळ होतो तो पहिल्या तिघांच्या जागांची अदलाबदल झाल्यामुळे.

मराठी माध्यमातून शिकलेल्या, पण आता मुलाखत, आयईएलटीएस (परदेशी जाण्यासाठी द्यायची इंग्रजीची परीक्षा), ऑफिसातला ईमेल किंवा सत्काराला उत्तर देताना इंग्रजी वापरावं लागणाऱ्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितोय. इंग्रजी वाक्यं मुद्दाम देवनागरीत दिली आहेत. ती मोठ्याने म्हणा, कारण हा वाक्प्रचार लिहिण्यापेक्षा बोलण्यातच जास्त येतो.

पायरी १: इच्छा जुनी आहे ना?

व्याकरण नंतर. आधी हा वाक्प्रचार त्या प्रसंगाला शोभतो का ते बघायचं. ‘अ ड्रीम कम ट्रू’ म्हणजे चांगली गोष्ट घडली एवढंच नव्हे. बरीच वर्षं मनात धरलेली, मिळेल की नाही याची खात्री नसलेली गोष्ट अखेर हाती आली, असा त्याचा अर्थ. तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत: इच्छा आधीपासून हवी, ती अवघड हवी, आणि ती खरोखर पुरी झालेली हवी.

सचिन तेंडुलकर पहिला विश्वचषक खेळला १९९२ साली. चषक हाती आला २ एप्रिल २०११ रोजी, सहाव्या विश्वचषकात, तोही घरच्या वानखेडेवर. इथे वाक्य बेलाशक वापरा: ‘विनिंग द वर्ल्ड कप अ‍ॅट वानखेडे वॉज अ ड्रीम कम ट्रू फॉर सचिन.’

याहून चपखल उदाहरण गणितातलं आहे. अँड्र्यू वाइल्स दहा वर्षांचा असताना त्याला केंब्रिजमधल्या एका वाचनालयात फर्माचं शेवटचं प्रमेय भेटलं. शाळकरी मुलालाही कळेल असं विधान, पण तीन शतकांहून अधिक काळ कुणाला सिद्ध न करता आलेलं. वाइल्सने पुढे अनेक वर्षं जवळजवळ गुप्तपणे त्यावर काम केलं आणि जून १९९३ मध्ये सिद्धता जाहीर केली. मग तिच्यात एक भगदाड सापडलं. ते बुजवायला सप्टेंबर १९९४ उजाडला आणि १९९५ मध्ये सिद्धता छापून आली. ‘प्रूव्हिंग फर्माज लास्ट थिअरम वॉज अ चाइल्डहुड ड्रीम कम ट्रू फॉर वाइल्स.’ यातला ‘चाइल्डहुड’ हा शब्द बघा. ड्रीमच्या आधी ‘चाइल्डहुड’ किंवा ‘लाइफलाँग’ लावलं की इच्छेचं वय एका शब्दात सांगून होतं. आपल्याकडच्या वर्तमानपत्री इंग्रजीत ‘लाँग-चेरिश्ड ड्रीम’ फार चालतं. ते चूक नाही, पण बोलताना शाल-श्रीफळ दिल्यासारखं वाटतं.

उलट, ध्यानीमनी नसताना बढती मिळाली, सोडतीत स्कूटर लागली, तर ती आनंदाची बातमी आहे, ड्रीम कम ट्रू नाही. जे स्वप्न पाहिलंच नव्हतं ते खरं कसं होणार? तिथे ‘आय नेव्हर एक्स्पेक्टेड धिस’ म्हणावं. आणि सेलमध्ये अर्ध्या किमतीत मिक्सर मिळाला म्हणून हे वाक्य वापरलं, तर ते विनोदाने म्हटलंय हे आवाजातून कळलं पाहिजे.

पायरी २: ‘झालं’ की ‘झालेलं’?

बहुतेक चुका इथे होतात, म्हणून इथे जरा थांबू. सुदैवाने मराठी माणसाच्या हातात यासाठी एक चांगली कसोटी आहे. इंग्रजी वाक्य रचण्याआधी मनातलं मराठी वाक्य पूर्ण करा आणि त्यात ‘होणे’ या क्रियापदाचं कुठलं रूप आलंय ते बघा.

‘हे माझं खरं झालेलं स्वप्न आहे.’ इथे ‘झालेलं’ आहे, म्हणजे ते स्वप्नाचं विशेषण झालं. ‘पान गळालं’ आणि ‘गळालेलं पान’ यांत जो फरक आहे तोच इथे. इंग्रजीत या जागी क्रियापदाचं तिसरं रूप येतं. कम-केम-कम यातला शेवटचा ‘कम’. म्हणून: ‘इट इज अ ड्रीम कम ट्रू.’ हा ‘कम’ कायम ‘कम’च राहतो. घटना काल घडलेली असो, उद्या घडायची असो, त्याला काही फरक पडत नाही. काळ दाखवायचं काम आधीचं क्रियापद करतं:

‘इट वॉज अ ड्रीम कम ट्रू.’ (तेव्हाची गोष्ट.)
‘इट इज अ ड्रीम कम ट्रू.’ (आत्ताची.)
‘इट हॅज बीन अ ड्रीम कम ट्रू.’ (तेव्हापासून आतापर्यंत, एखाद्या संघात किंवा संस्थेत काही वर्षं काढल्यावर.)
‘इट वुड बी अ ड्रीम कम ट्रू.’ (अजून घडलेलं नाही, घडलं तर.)

भूतकाळ आहे म्हणून ‘इट वॉज अ ड्रीम केम ट्रू’ म्हणण्याचा मोह होतो. तिथे एकाच वाक्यात दोन क्रियापदं काळ दाखवायला भांडू लागतात. ‘वॉज’ने काम केलंय, ‘केम’ची गरज नाही.

आता दुसरा प्रकार. ‘माझं स्वप्न खरं झालं.’ इथे ‘झालं’ हेच वाक्याचं मुख्य क्रियापद आहे. म्हणून इंग्रजीतही तेच चालवायचं, आणि मग ते काळाप्रमाणे बदलतं:

खरं झालं: ‘माय ड्रीम केम ट्रू.’
खरं झालं आहे: ‘माय ड्रीम हॅज कम ट्रू.’
खरं होतंय: ‘माय ड्रीम इज फायनली कमिंग ट्रू.’
खरं होईल: ‘माय ड्रीम विल कम ट्रू.’
स्वप्नं खरी होतात: ‘ड्रीम्स कम ट्रू.’
तुझं स्वप्न खरं होवो: ‘आय होप युअर ड्रीम कम्स ट्रू.’

‘हॅज केम ट्रू’ हे रूप ऐकायला मिळतं, ते चूक. ‘हॅज’नंतर तिसरं रूप, म्हणजे ‘कम’. ‘वॉज कम ट्रू’ही नको. ‘इज कम’ ही रचना जुन्या इंग्रजीत होती, १६११ च्या इंग्रजी बायबलच्या भाषांतरात ‘द अवर इज कम’ असं आढळतं, पण आज कुणी तसं बोलत नाही.

मग गाडीच्या फोटोखालचं ‘ड्रीम कम्स ट्रू’ काय आहे? ‘अ ड्रीम कम्स ट्रू’ हे स्वतंत्र वाक्य म्हणून शुद्ध आहे, बातमीचा मथळा असतो तसं. त्याच्याआधी ‘इट्स’ लावलं की मात्र ते मोडतं. कसोटी परत तीच. ‘हे खरं होतं स्वप्न आहे’ असं आपण मराठीत म्हणत नाही, म्हणून ‘इट्स अ ड्रीम कम्स ट्रू’ही म्हणायचं नाही.

‘बिकम ट्रू’चं मूळ उघड आहे. ‘होणे’ म्हणजे ‘बिकम’ असं शाळेत पाठ केलेलं असतं. पण खरं होणं म्हणजे ‘कम ट्रू’, ही जोडी ठरून गेली आहे. तिला तोडायचं नाही. शेवटचा शब्दही ‘ट्रू’च, ‘ट्रूली’ नाही आणि ‘ट्रूथ’ नाही.

राहिला तो बिचारा ‘अ’. मराठीत असा शब्दच नसल्यामुळे तो आपल्या तोंडून गळतो: ‘इट इज ड्रीम कम ट्रू.’ ऐकणाऱ्याला अर्थ कळतो, पण वाक्य लंगडतं. बोलताना त्या ‘अ’वर जोर द्यायचा नाही. ‘इट्सअ’ असं एका दमात, अगदी हलकं. जोर ‘ड्रीम’वर आणि त्याहून थोडा जास्त ‘ट्रू’वर. ‘कम’ मधे पटकन निघून जातं. ‘इट्सअ ड्रीम कम ट्रू’ हे पाचसात वेळा चालीत म्हणा, मग ‘केम’ आपोआप कानाला खटकायला लागेल.

एक बारीकशी लिखाणातली गोष्ट. हे तीन शब्द दुसऱ्या नामाच्या आधी विशेषण म्हणून आले, तर त्यांच्यामध्ये जोडरेघा देतात: ‘अ ड्रीम-कम-ट्रू मोमेंट’. नुसतं ‘अ ड्रीम कम ट्रू’ लिहिताना जोडरेघा नकोत.

पायरी ३: इंग्रजीत स्वप्न ‘बघत’ नाहीत

आपण स्वप्न बघतो, पाहतो, क्वचित रंगवतो. म्हणून ‘आय सॉ अ ड्रीम’ तोंडी येतं. इंग्रजीत स्वप्न ‘असतं’ किंवा ‘पडतं’ आणि दोन्हीसाठी क्रियापद ‘हॅव’. मार्टिन ल्यूथर किंग यांचं २८ ऑगस्ट १९६३ चं वॉशिंग्टनमधलं भाषण ‘आय हॅव अ ड्रीम’ या ज्या चार शब्दांनी ओळखलं जातं, त्यातही ‘हॅव’च आहे. तेवढं आठवलं तरी ‘सॉ’ येणार नाही.

‘मी डॉक्टर व्हायचं स्वप्न बघत होतो’ याची चालणारी इंग्रजी रूपं अशी: ‘आय ऑल्वेज ड्रीम्ड ऑफ बिकमिंग अ डॉक्टर’ किंवा ‘इट वॉज ऑल्वेज माय ड्रीम टू बिकम अ डॉक्टर.’ दोन्हींची सरमिसळ करून ‘आय ड्रीम्ड टू बिकम’ असं म्हणू नका. ‘ड्रीम’ क्रियापद असेल तर पुढे ‘ऑफ’ आणि ‘-इंग’. नाम असेल तर ‘टू’. ‘ड्रीम अबाउट’ही आहे, पण ते झोपेतल्या स्वप्नालाही चालतं. मनातल्या आकांक्षेला ‘ऑफ’ अधिक शोभतं. ब्रिटिश लोक ‘ड्रीम्ड’ऐवजी बऱ्याचदा ‘ड्रेम्ट’ म्हणतात. एक धरा आणि त्यालाच चिकटून राहा.

‘लहानपणापासून’ला ‘फ्रॉम चाइल्डहुड’ असं शब्दाला शब्द ठेवलेलं आपल्याकडे फार. ‘सिन्स चाइल्डहुड’ किंवा ‘एव्हर सिन्स आय वॉज अ चाइल्ड’ म्हटलं की कानाला बरं लागतं.

पायरी ४: स्वप्न कोणाचं?

स्वप्नाचा मालक ‘फॉर’ने सांगतात. ‘इट वॉज अ ड्रीम कम ट्रू फॉर मी.’ ‘फॉर माय पेरेंट्स.’ ‘फॉर एनी यंग शूटर.’ मराठीतल्या ‘माझं’मुळे ‘ड्रीम कम ट्रू ऑफ मी’ किंवा ‘ऑफ माइन’ होतं, ते टाळा. ‘माय ड्रीम कम ट्रू’ हे मात्र आहे, पण ते बहुतेक माणसाबद्दल, प्रेमाने म्हणतात: ‘यू आर माय ड्रीम कम ट्रू.’ हे सासरेबुवांच्या सत्कारात म्हणू नये.

दुसऱ्याचं अभिनंदन करताना एक शिष्टाचार आहे. समोरच्याचं स्वप्न काय होतं हे आपण ठामपणे कसं सांगणार? म्हणून इंग्रजीत ‘मस्ट’ घालतात: ‘धिस मस्ट बी अ ड्रीम कम ट्रू फॉर यू.’ मराठीत आपण ‘तुम्हाला किती आनंद झाला असेल!’ म्हणतो, त्यातला ‘असेल’ तो हा. थेट ‘धिस इज अ ड्रीम कम ट्रू फॉर यू’ म्हटलं तर, विशेषतः वरिष्ठाला, आपण त्यांच्या वतीने बोलतोय असं वाटतं.

ज्या गोष्टीने स्वप्न पुरं झालं ती वाक्यात दोन ठिकाणी बसू शकते. आधी: ‘मीटिंग हर वॉज अ ड्रीम कम ट्रू.’ किंवा नंतर, ‘टू’ लावून: ‘इट वॉज अ ड्रीम कम ट्रू टू मीट हर.’ अर्थ एकच. बोलताना दुसरी रचना सोपी जाते, कारण लांबलचक भाग शेवटी येतो.

पायरी ५: काय काय ‘कम ट्रू’ होतं

सगळ्याच इच्छा ‘कम ट्रू’ होत नाहीत. ‘माय गोल केम ट्रू’ किंवा ‘माय एम केम ट्रू’ असं इंग्रजी बोलणारा म्हणणार नाही. ‘कम ट्रू’ ज्यांच्याबरोबर चालतं ते शब्द मोजके: ड्रीम, विश, प्रेडिक्शन, प्रॉफसी आणि, वाईट बाजूने, फिअर. ‘माय वर्स्ट फिअर्स केम ट्रू’ म्हणजे ज्याची धास्ती होती तेच झालं.

गोलला ‘अचीव्ह’ किंवा ‘रीच’. टार्गेटला ‘मीट’ किंवा ‘हिट’. अँबिशनला ‘फुलफिल’, ‘अचीव्ह’ किंवा ‘रिअलाइज’. प्रॉमिस ‘कीप’ करायचं. ड्रीमलाही ‘फुलफिल’ आणि ‘रिअलाइज’ चालतं, तेवढंच जरा औपचारिक होतं. ‘माय ड्रीम गॉट कम्प्लीटेड’ हे ‘स्वप्न पूर्ण झालं’चं भाषांतर आहे. ‘कम्प्लीट’ अभ्यासक्रम होतो, इमारत होते, फॉर्म होतो. स्वप्न नाही.

‘मेक’ लावलं की स्वप्न पुरं करणारा वाक्यात येतो: ‘माय टीचर मेड माय ड्रीम कम ट्रू.’ इथेही ‘मेड’नंतर ‘कम’च, ‘केम’ नाही. सत्काराला उत्तर देताना हे रूप हाताशी ठेवा, आभार मानायला फार उपयोगी पडतं.

पायरी ६: एक तपशील द्या, नाहीतर वाक्य पोकळ

हा वाक्प्रचार वापरून वापरून गुळगुळीत झाला आहे. सामन्यानंतर माइक पुढे आला की खेळाडू हेच म्हणतो, पुरस्कार मिळाला की नट हेच म्हणतो. त्यामुळे तो एकटा उभा केला तर ऐकणाऱ्याच्या कानावरून जातो. उपाय सोपा आहे. त्याच्या आधी किंवा नंतर एक असा तपशील द्यायचा, जो फक्त तुमच्याच गोष्टीत असू शकतो. माझ्या मते या लेखातली सगळ्यात कामाची पायरी हीच. व्याकरण चुकलं तर लोक समजून घेतात, कंटाळा मात्र कुणी समजून घेत नाही.

समजा मुंबईत स्वतःचं घर झालंय. पोकळ रूप: ‘बाइंग अ होम इन मुंबई इज अ ड्रीम कम ट्रू.’ भरलेलं रूप: ‘आय ग्रू अप इन वन रूम विथ सिक्स पीपल. लास्ट वीक आय गॉट माय ओन डोअर टू लॉक. इट्स अ ड्रीम कम ट्रू.’ एका खोलीत सहा जण, आणि आता कुलूप लावायला स्वतःचं दार. एवढं सांगितल्यावर शेवटचं वाक्य घिसंपिटं राहत नाही, त्याला जागा मिळते. किंबहुना कधी कधी असं होतं की तपशील इतका चांगला जमतो की वाक्प्रचाराची गरजच उरत नाही. मग खुशाल गाळा.

आयईएलटीएसच्या तोंडी परीक्षेतही हेच लागू. दुसऱ्या भागात विषयाचं कार्ड मिळतं, तयारीला एक मिनिट आणि बोलायला एक ते दोन मिनिटं. जाहीर गुणनिकषांत सातव्या बँडला (म्हणजे गुणांच्या सातव्या पातळीला) वाक्प्रचारांचा वापर आणि शब्दांच्या योग्य जोड्या यांचा उल्लेख आहे. त्याचा अर्थ काही क्लासवाले ‘जमतील तितके वाक्प्रचार कोंबा’ असा लावतात. तो चुकीचा आहे. दोन मिनिटांत एकदा, नैसर्गिक जागी, पुरे. ‘तुम्हाला अभिमान वाटतो असं एक यश’ या विषयावर नमुना असा:

‘आय वाँट टू टॉक अबाउट रनिंग माय फर्स्ट हाफ मॅरेथॉन. आय हॅड अ‍ॅझ्मा अ‍ॅज अ चाइल्ड, सो आय युज्ड टू सिट आउट एव्हरी रेस अ‍ॅट स्कूल. आय ड्रीम्ड ऑफ फिनिशिंग जस्ट वन. व्हेन आय क्रॉस्ड द लाइन, आय वॉज अमंग द लास्ट, बट आय डिडन्ट केअर. इट वॉज अ ड्रीम कम ट्रू.’

दम्यामुळे शाळेत प्रत्येक शर्यतीला बाजूला बसावं लागणं, हा इथला तपशील. ‘ड्रीम्ड ऑफ फिनिशिंग’ आधी येऊन गेल्यामुळे शेवटचं वाक्य अलगद बसतं. परीक्षक हे उत्तर पाठ केलंय का ते ओळखतात, म्हणून नमुना जसाच्या तसा वापरू नका, सांगाडा घ्या.

पायरी ७: कुठे वापरायचंच नाही

भाषण, गप्पा, सोशल मीडिया, मित्राला ईमेल, आभाराची चिठ्ठी, मुलाखतीतलं एखादं मोकळं उत्तर: इथे चालतं.

परदेशी विद्यापीठाच्या अर्जात जो ‘स्टेटमेंट ऑफ पर्पज’ मागतात, त्यात नको. ‘स्टडीइंग अ‍ॅट युअर युनिव्हर्सिटी वुड बी अ ड्रीम कम ट्रू’ हे वाक्य कुठल्याही विद्यापीठाला पाठवता येतं, आणि तेच त्याचं दुखणं आहे. तिथे निवड करणाऱ्याला तुमच्या भावना नाही, तुमचं कारण हवं असतं: कुठला विषय, कुठल्या प्राध्यापकांचं काम, तुम्ही आजवर काय केलंय. ‘आय वाँट टू वर्क ऑन ग्राउंडवॉटर मॉडेलिंग बिकॉज...’ असं सुरू झालेलं वाक्य दहा स्वप्नांवर भारी पडतं.

नोकरीच्या अर्जासोबतच्या पत्रातही नको. आणि पगाराची बोलणी व्हायची असतील तर मुळीच नको! ऑफर हाती आल्याबरोबर ‘धिस इज अ ड्रीम कम ट्रू फॉर मी’ असं लिहून पाठवलं, की समोरच्याला कळतं, हा आकडा कितीही लावला तरी येणारच. तिथे ‘थँक यू, आय अ‍ॅम व्हेरी प्लीज्ड टू रिसीव्ह धिस ऑफर’ एवढं पुरतं. पगार ठरून, सही होऊन, पहिल्या दिवशी टीमला ओळख करून देताना मग म्हणा हवं तर.

मुलाखतीत ‘तुम्हाला ही नोकरी का हवी?’ याचं उत्तर याने सुरू करू नये. शेवटी, कारणं सांगून झाल्यावर, ‘वुड’ लावून एकदा म्हटलं तर गोड लागतं.

पायरी ८: शेजारपाजारचे वाक्प्रचार

‘ड्रीम’ आणि ‘ट्रू’ यांचं गोत मोठं आहे आणि त्यातल्या काहींशी गल्लत महागात पडते.

‘लिव्हिंग द ड्रीम’ शब्दशः मनासारखं आयुष्य जगणं. पण अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये सोमवारी सकाळी सहकाऱ्याला ‘हाऊ आर यू?’ विचारलं आणि त्याने थकल्या चेहऱ्याने ‘लिव्हिंग द ड्रीम’ म्हटलं, तर तो ‘चाललंय रडतखडत’ असं सांगतोय. नव्याने न्यू जर्सीला गेलेल्या आपल्या माणसाने त्यावर त्याचं अभिनंदन करू नये.

‘टू गुड टू बी ट्रू’ मध्ये कौतुकाबरोबर संशय असतो. इतकं चांगलं की खोटंच असणार. घरबसल्या महिना लाखभर मिळवा, अशा जाहिरातीबद्दल हे म्हणावं. ऑफर लेटर पाठवणाऱ्या कंपनीला आभार म्हणून लिहिलं तर अर्थ तिरपा लागू शकतो.

‘बियॉन्ड माय वाइल्डेस्ट ड्रीम्स’ म्हणजे आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. मागितलं त्याहून जास्त मिळालं तर हे. नकार लावून ‘नेव्हर इन माय वाइल्डेस्ट ड्रीम्स’ म्हटलं की ते आपलं ‘स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं’. पायरी १ मधल्या ध्यानीमनी नसलेल्या बढतीला हे अगदी बसतं.

‘पाइप ड्रीम’ म्हणजे मनातले मांडे. मूळ अफूच्या चिलमीत आहे. ती ओढल्यावर जे दिसे, ते. कुणाच्या योजनेला हे म्हणणं म्हणजे तिची वाट लावणं, त्यामुळे जपून.

‘इन युअर ड्रीम्स’ आणि ‘ड्रीम ऑन’ ही दोन्ही खिजवायची: बस स्वप्नं बघत! मित्रांत चालतात, बाहेर उद्धट लागतात.

‘लाइक अ ड्रीम’चे दोन अर्थ. ‘इट फेल्ट लाइक अ ड्रीम’ म्हणजे खरंच वाटत नव्हतं. ‘द न्यू पंप वर्क्स लाइक अ ड्रीम’ म्हणजे पंप अजिबात कुरकुर न करता चालतोय. दोन्हींत इच्छा पुरी होण्याचा संबंध नाही.

‘बकेट लिस्ट’ हा धाकटा भाऊ, २००७ च्या एका हॉलिवूड चित्रपटानंतर सगळीकडे रुळलेला. बकेटला लाथ मारणं म्हणजे इंग्रजीत मरण, आणि मरायच्या आधी करायच्या गोष्टींची ही यादी. हंपी बघणं, पॅराशूट बांधून विमानातून उडी मारणं, असलं काही झालं की ‘आय टिक्ड इट ऑफ माय बकेट लिस्ट’ म्हणावं. त्यात हौस असते, तळमळ नसते. म्हणून घर, मूल, ऑलिंपिक पदक यांना हा शब्द लावला की ते उगाच लहान होतात. १९५२ साली खाशाबा जाधवांनी हेलसिंकीत कांस्यपदक मिळवलं. ते त्यांच्या बकेट लिस्टमध्ये होतं, असं कुणी म्हणेल का?

आता थोडा सराव

खालची मराठी वाक्यं झाकून ठेवा, एकेक उघडा आणि इंग्रजी मोठ्याने म्हणा. ‘झालं’ आणि ‘झालेलं’ यांच्याकडे लक्ष ठेवा.

१. आईचं स्वप्न खरं झालं.
२. स्वप्निल कुसाळेसाठी पॅरिस ऑलिंपिकमधलं कांस्यपदक म्हणजे साकार झालेलं स्वप्नच होतं.
३. तुमच्यासाठी ही स्वप्नपूर्तीच असेल!
४. भारताकडून खेळायला मिळालं तर स्वप्न पुरं झाल्यासारखं होईल.
५. मी लहानपणापासून वैमानिक व्हायचं स्वप्न बघत आलोय.
६. माझ्या प्रशिक्षकांनी माझं स्वप्न साकार केलं.
७. ज्याची भीती होती तेच झालं.
८. आम्ही या वर्षीचं उद्दिष्ट गाठलं.

उत्तरं:

१. ‘माय मदर्स ड्रीम केम ट्रू.’
२. ‘विनिंग ब्राँझ अ‍ॅट द पॅरिस ऑलिंपिक्स वॉज अ ड्रीम कम ट्रू फॉर स्वप्निल कुसाळे.’ (नावातच स्वप्न असलेल्या कोल्हापूरच्या नेमबाजासाठी हे वाक्य २०२४ मध्ये किती जणांनी लिहिलं असेल!)
३. ‘धिस मस्ट बी अ ड्रीम कम ट्रू फॉर यू.’
४. ‘इट वुड बी अ ड्रीम कम ट्रू टू प्ले फॉर इंडिया.’ ‘विल बी’ म्हटलं तर निवड झाल्यासारखं वाटतं.
५. ‘आय हॅव ड्रीम्ड ऑफ बिकमिंग अ पायलट एव्हर सिन्स आय वॉज अ चाइल्ड.’
६. ‘माय कोच मेड माय ड्रीम कम ट्रू.’
७. ‘माय वर्स्ट फिअर्स केम ट्रू.’
८. ‘वी मेट अवर टार्गेट फॉर द इयर.’ इथे ‘केम ट्रू’ आलं असेल, तर पायरी ५ पुन्हा वाचा.